गाडीला कूलर

सरांना गाडी चालवता येत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुढे जाताना ते उत्तम चालवत. सिग्नलला थांबत, लहान मुलांना वाट देत, मागून कोणी हॉर्न वाजवला तर त्याच्याकडे वर्गात बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघत. घोडं पेंड खायचं ते फक्त मागे घेताना. आता माणसाला आयुष्यात मागे जायची वेळ कितीदा येते? पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती रोज येई, कारण गाड्या तिथे तोंड बाहेर करूनच लावायच्या असा अध्यक्षांचा नियम होता.

सरांची जागा एका बाजूला जाडजूड खांब आणि दुसऱ्या बाजूला चीफची गाडी यांच्या मधली. चीफ म्हणजे तळमजल्यावरचे शेजारी, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेले. सर गाडी मागे घेत, थांबत, पुढे घेत, चाक डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवत आणि तसंच गच्च धरून विचार करत. सर भूमिती शिकवत असल्यामुळे विचार लांबे. तेवढा वेळ बॉनेटखालून दुखरी दाढ घेऊन बसलेल्या माणसासारखं कण्हणं येत राही. ते ऐकलं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅसवर चहाचं आधण ठेवत. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला की सर जिन्यात दिसत.

कंपास वाकडा आहे म्हणणाऱ्या मुलांना सर वर्षानुवर्षं एकच म्हण ऐकवत आले होते, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी शास्त्रीय दृष्टी ठेवली होती. दोष स्टिअरिंगच्या तेलाचा आहे, ते तापतं आणि म्हणून कण्हतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पुढे पुढे त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

आणखी एक सांगायला हवं. सरांना कोणाचे उपकार खपत नसत. शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी धुऊन, त्यात दीड वाटी साखर घालून ते संध्याकाळच्या आत परत नेऊन देत. भर पावसात चीफनी छत्री पुढे केली तेव्हा सर "राहू द्या, मला भिजायला आवडतं," म्हणाले होते आणि नंतर आठवडाभर शिंकत होते.

तर अशा सरांच्या घरी सासूबाई आल्या त्या गुडघ्याचं ऑपरेशन करून. पाय काठीसारखा सरळ. एक दिवसाआड व्यायाम केंद्रात न्यायचं, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, की आत्ता वाकवला नाही तर तो कायमचा असाच राहील. सासूबाई मागच्या सीटवर आडव्या बसत, पाय सीटभर पसरून, आणि उतरताना चालकाच्या मागचं दार सताड उघडून आधी पाय बाहेर काढत, मग बाकीच्या सासूबाई येत. दार इतकं छान उघडतं याचं श्रेय सर आपल्या पार्किंगला देत. वेळ लागतो, पण गाडी बसते कशी नेमकी, असं ते दोनदा जेवताना म्हणालेही. बायकोनं आईला भाजी वाढली.

त्याच सुमारास चीफमध्ये एक चमत्कारिक बदल झाला होता. आपली गाडी भिंतीला पार चिकटवून लावायची, मग चालकाचं दार उघडत नाही म्हणून ते भलंमोठं पोट घेऊन गिअरवरून पलीकडे सरपटायचं आणि डाव्या दारानं बाहेर पडायचं. सर खिडकीतून बघत आणि बायकोला म्हणत, "चीफचं वय झालं बघ. धड उतरताही येत नाही." बायको आईच्या पायाखाली उशी सरकवत राही.

सरांच्या रजा संपल्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "सर, तुमच्या सासूबाईंचा गुडघा महत्त्वाचा आहे हे मला मनापासून मान्य आहे. पण रजेच्या नियमात आजारपण आहे, विवाह आहे, निवडणूक आहे. सासूचा गुडघा नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग मी नेते की. माझी ड्युटी दुपारची आहे." ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती आणि लग्नाआधीपासून तिच्याकडे लायसन्स होतं. ते सरांच्या लायसन्सपेक्षा जुनं होतं ही गोष्ट घरात फारशी निघत नसे.

"त्या स्टिअरिंगनं?" सर म्हणाले. "नको. ते मला सवयीनं जमतं. आधी दुरुस्त करतो, मग खुशाल ने."

"पण आईचा व्यायाम?"

"रविवारी काम उरकतो. त्यांचा एकही दिवस बुडणार नाही, माझी जबाबदारी."

असली वाक्यं माणसानं बोलू नयेत. पण सर बोलून गेले.

सल्ल्याला तोटा नव्हता. औषधवाला म्हणाला तेल बदला, शाळेतले पीटीचे सर म्हणाले गाडी बदला. चीफनी मात्र बॉनेट उघडायला लावून आत बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं. "स्टिअरिंगलाही पंप असतो, आणि पंप म्हटला की तापणारच. आमच्या पंपघरात काय करायचो, तेल थंड करून परत पाठवायचो. याला कूलर बसवा. छोटी जाळी असते, रेडिएटरपुढे लावायची. तेल त्यातून फिरतं, वाऱ्यानं थंड होतं. तासाभराचं काम. मी आहे ना."

इथे सरांचा उपकारांचा नियम आडवा यायला हवा होता. पण चीफना मदत करू देणं म्हणजे निवृत्त माणसाचा वेळ घालवणं, म्हणजे उपकार आपलाच, असा त्यांनी हिशेब मांडला. बाजारातून ते कूलर घेऊन आले. दुकानात दोन आकार होते आणि क्षेत्रफळ जास्त तेवढा गारवा जास्त या तत्त्वानुसार त्यांनी मोठा उचलला.

अध्यक्षांनी परवानगीचं घोंगडं भिजत ठेवलं. पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई होती. सरांनी युक्तिवाद केला, की ही दुरुस्ती नव्हे, काहीच बिघडलेलं नाही, फक्त गाडीला कूलर बसवायचा आहे. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "कूलर? त्याला वीज कोणाच्या मीटरवरून घेणार?" सरांनी वीज लागत नाही हे समजावून सांगितलं. "मग पाणी?" पाणीही लागत नाही म्हटल्यावर अध्यक्षांचा संशय वाढला, कारण वीज आणि पाणी दोन्ही न लागणारी वस्तू त्यांच्या नियमावलीत नव्हती. शेवटी जमिनीवर थेंबसुद्धा सांडणार नाही या अटीवर शनिवारी त्यांनी होकार दिला.

रविवारी सकाळी दोघं कामाला लागले. तासाभराचं काम म्हणता म्हणता दुपार झाली, कारण कूलर आत मावेना. पुढचा बंपर काढावा लागला. बंपर निघाला तेव्हा मुठीत मावतील इतके स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या खिट्ट्या निघाल्या आणि त्या कुठून कुठून निघाल्या यावर मतभेद झाले. बंपर काढलेली गाडी कवळी काढलेल्या माणसासारखी दिसत होती. येणारा जाणारा थांबून "काय झालं? कुठे ठोकली?" असं विचारे आणि सर दरवेळी "ठोकली नाही, सुधारणा चालू आहे," असं सांगत. वरच्या आजींना ते ऐकू आलं नाही. त्यांनी सगळीकडे ठोकली असंच सांगितलं.

मग पंपाकडे तेल परत नेणारी नळी कापायची होती. चीफनी डोळा बारीक करून अंदाज घेतला आणि कापली. सर म्हणाले, "मोजून घेऊ या." चीफ म्हणाले, "तीस वर्षं नळ्याच कापल्या मी." नळी चार बोटं आखूड पडली. ती ओढून ताणून कूलरच्या तोंडावर चढवली, वरून क्लॅम्प आवळला. ताणल्यामुळे क्लॅम्प तिरका बसला, पण तिरक्यालाही आवळता येतं असं चीफचं म्हणणं पडलं.

"करा चालू," चीफ वाकून बघत म्हणाले.

सरांनी गाडी चालू केली आणि स्टिअरिंग सवयीनं पार शेवटपर्यंत फिरवलं. कण्हणं सुरू झालं. मग फट्‍ असा आवाज झाला, नळी सुटली आणि लालभडक तेलाची चिळकांडी चीफच्या पांढऱ्या बनियनवर, तिथून खांबावर आणि तिथून सगळ्या फरशीवर गेली. चीफ पोट धरून खाली बसले. वरच्या गॅलरीतून कोणीतरी "अगं बाई, रक्त," म्हणालं. चीफची बायको अनवाणी धावत आली आणि तेल आहे असं कळल्यावर तिनं नवऱ्याला बकोटीला धरून घरात नेलं. ते नंतर दोन दिवस दिसले नाहीत.

अध्यक्ष खाली आले. ते थेंब मोजत असल्यासारखे फरशीकडे बघत उभे राहिले. सरांनी भुसा टाकला, रॉकेल आणलं, तारेचा ब्रश आणला आणि गुडघ्यांवर बसून घासायला लागले. शाळेतली दोन मुलं सायकलवरून जाताना "गुड आफ्टरनून सर," म्हणाली. सरांनी खाली मान घालूनच उत्तर दिलं.

घासता घासता फरशीचा करडा रंगही निघू लागला आणि त्याच्याखालून पांढरं काहीतरी दिसायला लागलं. सरांनी आणखी घासलं. ती रेष होती. त्यांच्या आणि चीफच्या जागेमधली रेष, जुनी, थोडी उडालेली. पण ती आत्ताच्या रेषेच्या अलीकडे होती, चांगली हातभर, सरांच्या गाडीच्या बाजूला. म्हणजे कोणीतरी जुनी रेष करड्या रंगानं झाकून नवी पलीकडे सरकवली होती आणि सरांची जागा हातभर रुंद केली होती.

ब्रश हातात तसाच राहिला. दोन समांतर रेषा समोर होत्या आणि सरांच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. म्हणजे यांनी आपल्याला जागा दिली. मास्तरला जमत नाही, द्या बिचाऱ्याला हातभर. यावर चर्चा झाली असणार, कदाचित मीटिंगमध्ये ठराव झाला असणार, कोणी सूचक, कोणी अनुमोदक, आणि सगळे गालातल्या गालात हसले असणार. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानांच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. तेलाचे हात घेऊन ते जिना चढून गेले आणि बायकोनं जेवायला विचारलं तर भूक नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यायामाचा दिवस होता आणि गाडी बिनबंपरची, बिनतेलाची. बायकोनं टॅक्सी बोलावली. सासूबाईंचा पाय तिच्यात काही केल्या मावेना. पुढची सीट सरकवली, मागची कलती केली, शेवटी टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, पाय आत किंवा तुम्ही आत, दोन्ही नाही होणार." व्यायाम बुडला. केंद्रातल्या बाईंनी फोनवर बायकोला चांगलंच झापलं, एक दिवस बुडला की मिळवलेलं सगळं जातं म्हणून. संध्याकाळी सासूबाई पलंगावर बसून गुडघा दाबत होत्या. सर दारातून म्हणाले, "आई, माझ्यामुळे."

"अहो, चालायचंच जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तसाही तो कुठे वाकत होता."

सरांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली, सर घरी पोचले आणि गॅरेजवाला आला. त्यानं कूलर पाहिला आणि बराच वेळ कौतुकानं मान हलवत राहिला. "ट्रकला शोभेल," तो म्हणाला. पण त्यानं नवी लांब नळी घातली, बंपर कसाबसा बसवला, त्यात तीन खिट्ट्या उरवल्या, तेल भरलं, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून आतली हवा काढली आणि गाडी जागेवर लावून बघा म्हणाला. सर बसले. मागे घेतली, थांबले, पुढे घेतली, चाक शेवटपर्यंत फिरवलं, धरून ठेवलं. बॉनेटखालून कण्हणं आलं, होतं तसं.

"अजून आवाज येतोच की," सर म्हणाले.

गॅरेजवाल्यानं नळीला हात लावून पाहिला. "पण आता गार येतोय," तो म्हणाला आणि पान्हे गोळा करू लागला.

आता सरांकडे राहिली होती ती फक्त इज्जत, आणि ती वाचवायचा एकच मार्ग त्यांना दिसत होता. त्याच दुपारी, बायको लॅबमध्ये, सासूबाई झोपलेल्या, सोसायटी पेंगुळलेली, असं बघून ते पांढरा आणि करडा रंग, दोरी, खडू आणि शाळेतला मोठा गुण्या घेऊन खाली उतरले. नवी रेष त्यांनी करड्या रंगानं पुसून टाकली. जुनी रेष तिच्या मूळ जागी पुन्हा आखली, दोरी ताणून, काटकोन तपासून, कडेला चिकटपट्टी लावून. इतकी सरळ रेष त्या इमारतीत आजवर कोणी मारली नव्हती. हात पुसताना सरांना रविवारनंतर पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. कोणाची हातभर जमीन नको म्हणाले ते, मनातल्या मनात.

बुधवारी पुन्हा व्यायाम होता. गाडी दुरुस्त झालेली, त्यामुळे सरांकडे सबब उरली नव्हती. शाळेला पेपर तपासणीची सुट्टी होती म्हणून देखरेखीसाठी ते बायकोशेजारी बसले. जाताना त्यांनी "हळू," "समोर बघ," "तो सायकलवाला," एवढं सांगितलं. बायको "हो," म्हणाली आणि चालवत राहिली.

परत येईपर्यंत सासूबाईंचा चेहरा उतरला होता. बुडालेल्या दिवसाचं उट्टं काढून केंद्रातल्या बाईंनी गुडघा पिळवटून काढला होता. फाटकातून आत येताच सर म्हणाले, "थांब, इथून मी घेतो. खांब आहे, रेषेचाही प्रश्न आहे." बायकोनं आरशात एकदा पाहिलं, चाक एकदा फिरवलं, सोडलं, आणि गाडी खांब आणि रेष यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कण्हणं आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या, आधण न ठेवताच.

सर बघत राहिले. इतकी वर्षं हिला मी चालकाच्या सीटवर बसू दिलं नाही, आणि तेलाला नावं ठेवली.

मग मागचं दार उघडलं आणि अर्ध्यात चीफच्या गाडीला टेकलं.

सासूबाईंनी पाय बाहेर काढला, तो दारात अडकला. आत घेताना त्या "आई गं," म्हणून कळवळल्या. ऑपरेशन झालं तेव्हाही त्या ओरडल्या नव्हत्या. बायको कशीबशी आपल्या दारातून निसटून बाहेर आली, तिनं खाली पाहिलं आणि तशीच थांबली.

"रेष कोणी हलवली?"

सर खांबाच्या बाजूनं अंग चोरत कसेबसे उतरले. एवढ्यात चीफ स्वच्छ बनियन घालून बाहेर आले होते. "मला वाटलं तुम्हीच परत घेतलीत वहिनी. सकाळी तुम्ही गेल्यावर बघितलं, म्हटलं वा, आईंचा गुडघा वाकायला लागला. मग मी आपली गाडी मधोमध लावली. कंबर मोडली होती हो सरपटून."

"आईंच्या गुडघ्याचा काय संबंध?" सरांच्या तोंडून निघालं.

"म्हणजे?" बायको म्हणाली. "दार पूर्ण उघडायला नको? खांबाकडून तर उघडतच नाही. ऑपरेशनच्या आधीच मी चीफना विचारलं होतं. त्यांनी स्वतः रंग आणला, अध्यक्षांनी सही दिली."

"मला वाटलं," सर रेषेकडे बघत म्हणाले. "मला वाटलं माझ्यासाठी. मला लावता येत नाही म्हणून."

चीफनी हात झटकला. "छे हो. ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्यासाठी रेष हलवून काय होणार, भिंत हलवावी लागली असती."

वरून आजी हसल्या. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते वेगळंच. म्हातारी बाई आत पाय धरून बसली होती, ती त्यांनी काटकोनात मारलेल्या रेषेमुळे. आपण स्वतःखेरीज कोणाचाच विचार केला नाही, ठराव, सूचक, अनुमोदक सगळे आपणच. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं.

"मला सांगायचं तरी," ते हळूच बायकोला म्हणाले.

"सांगितलं असतं तर घेतली असतीत ती जागा?"

"नाही," सर म्हणाले.

"म्हणून," बायको म्हणाली.

चीफ आपल्या गाडीत बसले, ती मागेपुढे करून भिंतीला चिकटवली आणि पोट सावरत गिअरवरून सरपटू लागले. सर पुढे झाले. डाव्या दारातून त्यांनी चीफना हात दिला, दुसरा हात काखेत घातला आणि ओढून बाहेर काढलं. चीफ जड होते. दोघंही धापा टाकत होते. "माफ करा," सर म्हणाले. "छत्रीचंसुद्धा."

"कुठली छत्री?" चीफ म्हणाले.

अध्यक्ष जिन्यातूनच म्हणाले, की रेष तिसऱ्यांदा हलवायला नवा अर्ज लागेल. सर "देतो," म्हणाले आणि रंगाचे डबे आणायला वर गेले. खाली आले तेव्हा बायकोनं आईला उतरवून खुर्चीवर बसवलं होतं, गाडीच्या शेजारीच, पाय समोर सरळ ताठ. बघायला निम्मी सोसायटी जमली होती. सर सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले, दार सताड उघडून घेतलं, त्याच्या टोकापासून सासूबाईंच्या टाचेचं अंतर धरलं आणि तिथे दोरी ताणली.

"इथपर्यंत पुरेल ना आई?"

सासूबाईंनी दोरीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "मला पुरेल," त्या म्हणाल्या. "पण थोडी जास्तच घ्या, जावईबापू. मधूनमधून तुम्हीही लावाल गाडी."

सरांनी मान वर करून चीफकडे पाहिलं. चीफनी खुशाल अशी मान हलवली. सरांनी दोरी आणखी चार बोटं पलीकडे सरकवली आणि खडू ओढला.